आधी ऐकावे, मग बोलावे : हौशी बिनतारीचा छंद

सन २०२१ च्या मे महिन्यातील दोन दिवस आम्ही जन्मभर विसरणार नाही. १६ मे रोजी 'तौक्ते' नावाचे चक्रीवादळ गोव्याच्या किनाऱ्याला घासून उत्तरेकडे गेले. आमचे घर पेडणे तालुक्यात. घरी आई एकटी, आणि आम्ही नोकरीनिमित्त येथे इंदुरात. सकाळी तिचा फोन आला. वारा सुटला आहे, माड वाकताहेत, एवढे ती बोलली आणि आवाज तुटला. त्यानंतर दोन दिवस आम्ही तोच क्रमांक फिरवीत राहिलो. तिकडे वीज गेली होती, खांब आडवे झाले होते आणि विजेवाचून मोबाइलचे मनोरेही मुके झाले होते. तिसऱ्या दिवशी शेजाऱ्याच्या मुलाने कोठून तरी निरोप पोचविला की आई सुखरूप आहे, एक माड पडून गोठ्याची कौले तेवढी फुटली आहेत. संकट टळले, परंतु एक प्रश्न मनाला चिकटून राहिला. हे सारे खांब आणि मनोरे एका वाऱ्याने आडवे झाले, तर माणसाचा आवाज माणसापर्यंत पोचण्यास दुसरी वाटच नाही काय?

वाट आहे, आणि ती शंभर वर्षांची जुनी आहे. तिचे नाव हौशी बिनतारी, म्हणजेच 'हॅम रेडिओ'. आम्ही कला शाखेचे पदवीधर. भौतिकशास्त्राशी आमचा संबंध शालान्त परीक्षेबरोबरच संपला होता. तेव्हा पुढे लिहिले आहे ते एखाद्या तज्ज्ञाचे व्याख्यान नव्हे. एका विद्यार्थ्याने दुसऱ्या विद्यार्थ्यास सांगितलेली ती हकीकत आहे, अशाच दृष्टीने विद्यार्थी मित्रांनी ती वाचावी.

प्रथम हा छंद म्हणजे काय ते पाहू. आकाशवाणीत एकाने बोलावयाचे आणि लाखोंनी ऐकावयाचे असते. मोबाइलवर दोघे एकमेकांशी बोलतात खरे, पण आपला आवाज लहरींच्या रूपाने जातो तो केवळ जवळच्या मनोऱ्यापर्यंत. पुढचा सारा प्रवास केबलींतून आणि मोठमोठ्या यंत्रांतून होतो. त्यांतील एक कडी तुटली की संभाषण संपले. हौशी बिनतारीत मात्र प्रत्येक स्थानक आपल्या ठिकाणी पूर्ण असते. बोलण्यासाठी प्रक्षेपक, ऐकण्यासाठी ग्राहक, लहरी सोडण्या-झेलण्यासाठी एरियल, आणि वीज गेलीच तर हाताशी एक बॅटरी. दोन स्थानकांच्या मध्ये आकाशाखेरीज काहीही नसते. या कामाचा मोबदला कोणी घेत नाही, कोणी देत नाही. म्हणूनच त्याला हौशी म्हणावयाचे.

आमच्या इंदूरकर वाचकांना ऐकून आनंद वाटेल की, भारतातील या छंदाच्या इतिहासाचे एक महत्त्वाचे पान आपल्या अगदी शेजारी, महू येथे लिहिले गेले आहे. देशातील पहिला हौशी परवाना १९२१ साली कलकत्त्याच्या अमरेंद्रचंद्र गुप्तू यांना मिळाला. त्यानंतर हळूहळू हौशी लोक वाढू लागले, तोच १९३९ साली दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि सरकारने सर्वांना आपले प्रक्षेपक पोलिसांकडे जमा करावयास लावले. युद्ध संपून स्वातंत्र्य आले तेव्हा हा छंद जवळजवळ नव्यानेच उभा करावयाचा होता. ते काम महूच्या स्कूल ऑफ सिग्नल्स या लष्करी संस्थेत सुरू झाले. १५ मे १९४८ रोजी तेथे 'अमॅच्युअर रेडिओ क्लब ऑफ इंडिया'ची स्थापना झाली. पुढे या मंडळाचे कार्यालय दिल्लीस गेले आणि १९५४ च्या मे महिन्यात त्याला 'अमॅच्युअर रेडिओ सोसायटी ऑफ इंडिया' हे नाव मिळाले. ज्या महूला आपण डॉ. आंबेडकरांचे जन्मस्थान म्हणून वंदन करतो, ते गाव बिनतारीच्या हौशी मंडळींचेही एक मूळ पीठ आहे, हे आमच्यापैकी किती जणांस ठाऊक होते?

सरकारने प्रक्षेपक जमा करून घेतले, यावरून त्या यंत्राचे सामर्थ्य ध्यानात यावे. १९४२ च्या ऑगस्टमध्ये 'चले जाव' चळवळीचे पुढारी तुरुंगात गेले आणि वृत्तपत्रांचे तोंड बंद झाले, तेव्हा बावीस वर्षांच्या उषा मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत गुप्त 'काँग्रेस रेडिओ' चालविला. बिनतारीचे ज्ञान असलेल्या हौशी लोकांच्या साह्यावाचून तो उभा राहिला नसता. २७ ऑगस्टपासून १२ नोव्हेंबरला पोलिसांचा छापा पडेपर्यंत तो ४२.३४ मीटर लांबीच्या लहरीवर बोलत होता. ही लांबी आजच्या हौशी मंडळींच्या 'चाळीस मीटर' पट्ट्यातच येते. आमच्या गोव्याचीही अशीच एक कथा आहे. २५ नोव्हेंबर १९५५ पासून गोवामुक्तीपर्यंत, म्हणजे डिसेंबर १९६१ पर्यंत, वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी प्रथम आंबोलीच्या व नंतर कॅसलरॉकच्या रानातून पोर्तुगीज व कोंकणी भाषांत गुप्त केंद्र चालविले. ही केंद्रे हौशी नव्हती, ती स्वातंत्र्ययुद्धाची हत्यारे होती. आज तसे प्रक्षेपण कोणी छंद म्हणून करू लागेल तर तो गुन्हाच ठरेल. तथापि एक प्रक्षेपक आणि एक तार एवढ्यावर दोन माणसे केवढे कार्य करू शकतात, हे त्यावरून कळते.

आता सहजच प्रश्न येईल की, एवढ्याशा तारेतून निघालेला आवाज इतक्या दूर पोचतो कसा? पृथ्वी वाटोळी आहे आणि बिनतारी लहरी तर सरळ रेषेत जातात. याचे उत्तर आपल्या डोक्यावर आहे. सूर्याच्या किरणांमुळे वातावरणाच्या वरच्या थरांतील वायूचे कण विद्युत्भारित होतात. या थरांना आयनांबर म्हणतात. त्यांतील सर्वांत वरचा उपयुक्त थर जमिनीपासून सुमारे २५० ते ४०० किलोमीटरांवर असतो. लघुलहरी तेथपर्यंत जाऊन, भिंतीवर आपटलेल्या चेंडूप्रमाणे, खाली वळतात आणि शेकडो, कधी हजारो किलोमीटरांवर उतरतात. ७ मेगाहर्ट्झच्या लहरी दिवसा काहीशे किलोमीटर जातात आणि रात्री, खालचा शोषक थर विरला की, समुद्रही ओलांडतात. १४ मेगाहर्ट्झच्या लहरींची ऐट निराळी. त्या दिवसाउजेडी दूरदेशी जातात. सूर्यावरील डागांचे सुमारे अकरा वर्षांचे चक्र असते, आणि त्याप्रमाणे या लहरींनाही भरती-ओहोटी येते.

येथे हौशी लोकांचे एक ऋण मान्य केले पाहिजे. विसाव्या शतकाच्या आरंभी जाणत्यांचा समज असा होता की दूर जाण्यास लांबच लांब लहरी हव्यात. २०० मीटरांहून आखूड लहरी निरुपयोगी. अमेरिकेत १९१२ साली त्या टाकाऊ म्हणून हौशी लोकांच्या पदरात टाकल्या गेल्या. त्याच टाकाऊ लहरींवर १९२३ साली अमेरिका आणि फ्रान्स येथील हौशी मंडळींनी अटलांटिक महासागरापलीकडे परस्पर संभाषण करून दाखविले आणि सारे जग लघुलहरींकडे वळले.

याहून आखूड, म्हणजे १४४ ते १४६ मेगाहर्ट्झच्या लहरी सहसा आयनांबरावरून परतत नाहीत. त्या दृष्टीच्या टप्प्यापर्यंतच जातात. दोन्हीकडे एरियल नऊ-नऊ मीटर उंच असेल तर हा टप्पा हिशेबाने सुमारे २५ किलोमीटर भरतो, म्हणजे इंदुराहून महूपर्यंत कसाबसा. म्हणून या लहरींना उंच गच्ची आणि टेकडी प्रिय.

आता आरंभ कसा करावा ते सांगतो. आम्ही प्रथम महूस एका वृद्ध गृहस्थांकडे गेलो. ते लष्कराच्या सिग्नल्स दलातून निवृत्त झालेले. घराच्या छपरावरील बांबूपासून अंगणातील कडुनिंबापर्यंत एक तार ताणलेली, आत मेजावर पुस्तकाएवढे यंत्र, आणि भिंतीवर देशोदेशींच्या स्थानकांनी पाठविलेली कार्डे. त्यांनी कळ फिरविली. खरखरीतून एक आवाज वर आला, मग दुसरा. कोणी केरळातून, कोणी गुजरातेतून बोलत होते. आम्हांला राहवेना, आम्ही ध्वनिग्राहकाकडे हात नेला. त्यांनी तो अलगद बाजूस सारला आणि म्हणाले, "गुरुजी, परवाना नाही तोवर बोलायचे नाही. महिनाभर नुसते ऐका आणि वहीत लिहा." लहानपणी आम्ही मध्येच तोंड घातले की आमची आई म्हणत असे, "आदीं आयक, मागीर उलय," म्हणजे आधी ऐक, मग बोल. तिचाच उपदेश महूच्या सुभेदारांच्या तोंडून पुन्हा ऐकावा लागला!

तेव्हा पहिली पायरी ऐकण्याची. बाजारातील साधा रेडिओ येथे उपयोगी पडत नाही, हे आम्ही पहिल्याच रात्री शिकलो. हौशी लोक शक्ती वाचविण्यासाठी लहरीचा अर्धाच भाग पाठवितात. साध्या रेडिओवर ते बोलणे बदकांच्या कलकलाटासारखे ऐकू येते. ज्यावर 'एसएसबी'ची सोय आहे असा लघुलहरींचा ग्राहक घ्यावा लागतो. तो घेण्याची ऐपत नसल्यास, इंटरनेटवर जगभरच्या अनेक हौशी मंडळींनी आपले ग्राहक सर्वांसाठी खुले ठेवले आहेत; तेथे बसल्या जागी ऐकता येते. ऐकताना वहीत तारीख, वेळ, लहर, स्थानकाचे नाव आणि आवाजाची स्पष्टता लिहावी. जगभर एकच वेळ चालावी म्हणून आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा करून लिहिण्याची पद्धत आहे.

महिन्याभरात आमचा कान तयार झाला. स्थानकांची नावे कळू लागली. भारतातील नावांचा आरंभ सामान्यतः 'व्हीयू' या अक्षरांनी होतो. पुढे एक अंक आणि मग अक्षरे. गोंधळ होऊ नये म्हणून अक्षर उच्चारताना 'व्ही'साठी 'व्हिक्टर', 'यू'साठी 'युनिफॉर्म' असे ठरलेले शब्द वापरतात. 'सीक्यू' म्हणजे कोणी आहे काय, अशी सर्वांस घातलेली साद. 'सेव्हन्टी थ्री' म्हणजे शुभेच्छा. 'क्यूटीएच' म्हणजे आपले ठिकाण.

आणि एके सकाळी आम्ही जे ऐकले, त्याने या छंदाचे मर्म आम्हांस कळले. ठरलेल्या वेळी वीस-पंचवीस स्थानके एका लहरीवर जमली होती; एक जण सूत्रसंचालन करीत होता. मोठमोठे आवाज एकामागून एक हजेरी देत होते. एकाएकी संचालकाने सर्वांना थांबविले. खरखरीच्या तळाशी एक अगदी क्षीण आवाज त्याला लागला होता. सारे गप्प झाले. तीनदा, चारदा विचारून त्याने त्या दुबळ्या स्थानकाचे नाव अक्षर-अक्षर उतरवून घेतले आणि मगच पुढे गेला. ज्याचा आवाज मोठा त्याचे आधी, असा जगाचा रिवाज. येथे मात्र ज्याचा आवाज लहान त्याच्यासाठी सर्वांनी थांबावयाचे. आम्हांला पेडणे आठवले.

दुसरी पायरी परवान्याची. परवान्यावाचून प्रक्षेपक चालविणे हा गुन्हा आहे. हे कोणीही विद्यार्थ्याने विसरू नये. परवाना केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाकडून मिळतो व त्यासाठी परीक्षा असते. वयाची बारा वर्षे पुरी झालेल्यास तीस बसता यावे, असा नियम राहिला आहे. म्हणजे सातवी-आठवीच्या मुलामुलींनाही हे दार उघडे आहे. आजवर दोन श्रेणी चालत आल्या आहेत. खालच्या मर्यादित श्रेणीस मोर्स लिपी लागत नाही. वरच्या सर्वसाधारण श्रेणीस मिनिटास आठ शब्द या गतीने मोर्स पाठविता व घेता यावे लागते, आणि तीत अधिक शक्तीचा प्रक्षेपक वापरता येतो. नियम वेळोवेळी बदलतात. म्हणून अर्जापूर्वी विभागाची ताजी नियमावली अवश्य पाहावी.

परीक्षेचा अभ्यास ऐकून कोणी घाबरू नये. आम्ही तो रविवारी शाळेच्या रिकाम्या वर्गात काही विद्यार्थ्यांबरोबर बसून केला, आणि खरे सांगावयाचे तर अनेकदा त्यांनीच आम्हांस शिकविले. विजेचा कोणताही नियम पाठ करून उपयोग नाही. तो वापरून पाहावा. बोलताना यंत्र २ अँपिअर प्रवाह ओढते आणि बॅटरी ७ अँपिअर-तासांची आहे, तर ती हिशेबाने साडेतीन तास पुरेल. प्रत्यक्षात त्याहून थोडी कमी. वादळात वीज गेल्यावर हे गणित गुणांचे उरत नाही, जिवाचे होते. मोर्स लिपी कागदावरील टिंबे-रेघा पाहून शिकू नये. तबल्याचे बोल जसे कानाने शिकतात तशी ती शिकावी. 'व्ही' म्हणजे 'डि-डि-डि-डा', 'यू' म्हणजे 'डि-डि-डा'. चार दिवस गुणगुणले की ते आपोआप ओठांवर येते.

तिसरी पायरी स्थानकाची. जवळच्या बोलण्यासाठी हातात मावणारे यंत्र काही हजार रुपयांत मिळते. दूरच्या बोलण्याचे यंत्र महाग पडते, पण तेथेही मार्ग आहे. हैदराबादचे अश्हर फरहान यांनी 'बिटएक्स' नावाचे असे यंत्र आखले की त्याचे भाग साध्या दुकानांत मिळावेत आणि ते घरी जोडता यावे. वेटोळी गुंडाळण्यासाठी त्यांनी नळाचे नायलॉनचे वॉशरसुद्धा कामी लावले. त्यांची ती आखणी जगभरच्या हौशी लोकांनी उचलली. एरियल तर घरीच करावे. लहरीच्या निम्म्या लांबीची तार मध्ये तोडून दोन सारख्या भागांत ताणावयाची, ७.१ मेगाहर्ट्झसाठी ती एकंदर सुमारे २० मीटर, म्हणजे प्रत्येक भाग १० मीटर. दोन गोष्टी मात्र वडीलधाऱ्यांच्या देखरेखीवाचून करू नयेत : विजेच्या तारांजवळ एरियल नेऊ नये, आणि आकाशात मेघ गडगडू लागण्यापूर्वीच ते यंत्रापासून सोडवावे.

या छंदाला शिस्तही तितकीच कडक आहे. गाणी लावता येत नाहीत, व्यापाराचे बोलणे चालत नाही, सांकेतिक भाषेत काही लपविता येत नाही, आणि प्रत्येक संभाषणाची नोंद ठेवावी लागते. आकाश सर्वांचे आहे; तेथे बोलणाऱ्याने सर्वांनी ऐकावे असेच बोलावे.

असा हा खेळ वाटतो तितका नुसता खेळ नाही, याचे एक उदाहरण देतो. २००४ च्या डिसेंबरात हैदराबादच्या राष्ट्रीय हौशी रेडिओ संस्थेच्या भारती प्रसाद अंदमानात पोर्ट ब्लेअरला गेल्या होत्या. त्या बेटांवरून हौशी प्रक्षेपणाची परवानगी त्यांनी मोठ्या खटपटीने मिळविली होती आणि जगभरचे छंदिष्ट त्यांच्या स्थानकाशी बोलण्यास धडपडत होते. २६ डिसेंबरच्या सकाळी भूकंप झाला, पाठोपाठ त्सुनामी आली, आणि बेटांचा बाहेरच्या जगाशी संबंध तुटला. छंदासाठी नेलेले ते स्थानक त्या घटकेपासून बेटांचा कंठ झाले. कोण वाचले, काय हवे, याचे निरोप त्यावरून मुख्य भूमीकडे जाऊ लागले. यंत्र आदल्या दिवशीचेच होते. महिनोन्महिने ऐकण्याचा सराव होता, म्हणून ते उपयोगी पडले.

आनंदाचे प्रसंगही पुष्कळ. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून जाताना त्यातील अंतराळवीर हौशी लहरींवर शाळकरी मुलांशी बोलतात. २०२५ च्या जुलैमध्ये शुभांशु शुक्ल यांनी याच रीतीने बंगळूर आणि शिलाँग येथील विद्यार्थ्यांच्या प्रश्नांना उत्तरे दिली. स्थानक क्षितिजावर उगवून मावळेपर्यंत जेमतेम दहा मिनिटे, तेवढ्यात विचारावयाचे. प्रश्न नेमका हवा आणि कान उघडे हवेत. इंदूरच्या मुलांनी असा प्रश्न एके दिवशी का विचारू नये?

आम्हांस परवाना मिळाला त्या पहिल्या रविवारी आम्ही 'सीक्यू'ची साद घातली. तीनदा कोणीच बोलले नाही. चौथ्यांदा खरखरीतून रत्नागिरीचे एक स्थानक आले. पाऊस कसा आहे, आंबा कसा आहे, आवाज कसा पोचतो, एवढेच बोलणे झाले; सारी मिळून चार मिनिटे. मध्ये ना मनोरा, ना केबल. फक्त सातपुडा, सह्याद्री आणि वरचे आकाश. सायंकाळी फोनवरून आम्ही आईला ही बातमी मोठ्या अभिमानाने सांगितली. ती सर्व शांतपणे ऐकून घेऊन म्हणाली, "कितें आयकलें तुवें?" तू काय ऐकलेस?

आम्ही काय बोललो, हे तिने विचारलेच नाही. ज्या विद्यार्थ्यांना हा छंद धरावयाचा असेल त्यांनी यंत्र घेण्याच्या आधी एक वही घ्यावी, आणि आज रात्री ऐकावयास बसावे.